साखर कुणी उतरवली

९ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. सप्रेम लिहिणार होते, पण सात वर्षांनी पहिलं पत्र आणि पहिल्याच शब्दाला खोटं कशाला, म्हणून नुसताच नमस्कार.

फोन करता आला असता. पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलणं सुचत नाही, भांडण सुचतं. पत्रात निदान खोडता येतं.

तुमचा भाऊ बदलीवर तुमच्या गावी आला आणि तुमच्याकडेच उतरला, हे मला त्यांच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंकडून कळलं. मला सांगून गेले होते की पाणीपुरवठ्याच्या क्वार्टरमध्ये राहणार. असो. भावानं बहिणीकडे राहू नये असा काही कायदा नाही.

सोबतच्या खोक्यात दोन महिन्यांच्या गोळ्या, साखर तपासायचं मशीन, पट्ट्यांच्या तीन डब्या, छोटा तराजू आणि निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. वहीत अकरा वर्षांचे आकडे आहेत, सकाळचे उपाशीपोटी आणि जेवणानंतरचे. वही ते विसरून गेले. विसरून म्हणजे टेबलावर माझ्यासमोर ठेवून गेले.

शिजलेला भात नव्वद ग्रॅम, त्याच्यावर एक शीतही नाही. डाळ एक वाटी. कच्ची काकडी नाहीतर गाजर आधी खायला लावायचं, मग बाकीचं. चार वाजता मूठभर भाजलेले चणे. चहात साखर नाही हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही डॉक्टरच आहात, जरी हिरड्यांच्या असलात तरी.

तुम्हाला वाटेल, ही कोण मला शिकवणारी. वन्सं, मी तीनशे खाटांच्या हॉस्पिटलचं पथ्याचं स्वयंपाकघर चालवते. निळं कार्ड लावलेली सत्तर ताटं रोज माझ्या नजरेखालून जातात. त्या सत्तर जणांची साखर माझ्या ताटानं खाली येते. एकाच माणसाची येत नाही आणि तो माझ्या घरात राहतो. याचा अर्थ एकच, की ते चोरून खातात. काय खातात, कुठे खातात, हे मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही. कोटाचे खिसे बघत जा. बॅगेचा आतला कप्पा बघत जा. विचारलं की ‘तू वाढलंस तेवढंच’ म्हणतात आणि चिडतात. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

एवढंच. आणखी एक, सहज विचारते. तुमच्याशी बोलताना ते तोंडावर हात धरतात का?

तुमची भावजय


२ डिसेंबर

वन्सं,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, औषधाच्या चिठ्ठीसारखं. चारदा वाचावं लागलं. चारदा वाचल्यामुळे चारदा राग आला.

ते तुमच्यासमोर तोंडावर हात धरत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. खोटं लिहिलं. बरं वाटलं नाही. परवा रात्री जेवताना छोटू खूप हसला असं तुम्ही लिहिता. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला छोटू म्हणायचं आणि वर तो हसला म्हणून कळवायचं. कशावर हसले, ते का लिहिलं नाहीत? माझ्यावर का?

आणि आता तुम्ही त्यांच्या हिरड्या हातात घेतल्या आहेत. चार वेळा बसवून, भूल देऊन, दातांच्या मुळापर्यंत साफ करणार. दात आणि हिरडीच्या मधली फट तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असते आणि ह्यांच्या फटी सहा-सहा, सात-सात आहेत. तुम्ही आकडे सांगता आणि तुमची मदतनीस ते तक्त्यावर लिहिते. छान. मी अकरा वर्षं आकडेच लिहिले. पण तुमचे आकडे ते वैद्यकशास्त्र आणि माझे आकडे ती कटकट.

सात वर्षांपूर्वीची ती दुपार मी विसरलेले नाही. माझ्या घरी, माझ्या टेबलावर, मी वाढलेलं जेवत असताना तुम्ही त्यांना म्हणालात, तोंड उघड बघू. आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "ह्याच्या हिरड्यांतली सगळी जखम काढून एकत्र मांडली ना, तर तळहाताएवढी होईल. हातावर एवढी जखम असती तर तू तशीच उघडी ठेवली असतीस का?"

पुढचं तुम्ही मला समजावून सांगत होतात. की साखर जास्त म्हणून हिरड्या पिकतात आणि हिरड्या पिकल्या म्हणून अंग सारखं लढत राहतं, त्या लढाईत इन्शुलिनचं काही चालत नाही, म्हणून साखर आणखी चढते. दोघी एकमेकींना पोसतात. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की ज्या तोंडाशेजारी मी रोज झोपते त्यातलं मला काही कळत नाही आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या बहिणीला कळतं. मी तुम्हाला काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. पुन्हा लिहीत नाही.

करा हिरड्या साफ. बघू काय दिवे लागतात ते. साखर पोटातून येते, दातांच्या फटीतून नाही. आणि त्या इवल्याशा ब्रशांचं जे लिहिलंत, की तो रोज रात्री दहा मिनिटं आरशासमोर उभा राहून न सांगता एकेक फट साफ करतो, ते माझ्या विश्वासाच्या पलीकडचं आहे. माझ्या घरी त्या माणसाला ओला टॉवेल वाळत घालायलाही तीनदा सांगावं लागतं.

तुमची भावजय


११ मार्च

वन्सं,

लॅबचं पाकीट चुकून इथल्या पत्त्यावर आलं. पाकिटावर नाव ह्यांचं होतं, पण अकरा वर्षं ती पाकिटं मीच फोडत आले आहे, त्यामुळे फोडलं.

आठ पूर्णांक एक.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हा आकडा माझ्या वहीत कधीही आठ पूर्णांक सातच्या खाली आलेला नाही. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, मी घरातली साखरेची बरणी शेजारी देऊन टाकली, स्वतः सहा वर्षं फिका चहा प्यायले. आठ सात, नऊ, आठ नऊ, नऊ दोन. आणि तुमच्याकडे चार महिने काय राहिले आणि तुम्ही चार वेळा दात काय खरवडलेत, तर आठ एक.

मी रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्टना दाखवला. चूक असू शकते का विचारलं. ते म्हणाले, चूक कसली बाई, उत्तम आहे, कुणाच्या हातचं जेवतात त्यांचं अभिनंदन करा. मी मान डोलावली. अकरा वर्षं बीळ खणलं मुंगीनं आणि त्यात नागोबा येऊन बसला तो हा असा. राग मानू नका. मानलात तरी चालेल.

आता जे लिहिते ते का लिहिते ते मला नीट कळलेलं नाही.

पुरुषांच्या वॉर्डात चौदा नंबरला एक शिंपी आहेत. निळं कार्ड. त्यांचं ताट रोज अर्धं परत यायचं, काकडी-गाजर जसंच्या तसं, आणि साखर मात्र चढलेली. मी स्वतः वर गेले आणि उशी उचलली. खाली बिस्किटांचा पुडा. मला इतका आनंद झाला वन्सं, की विचारू नका. सापडला एकदाचा, असं झालं. वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले मी त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग तोंड उघडून खालचा पुढचा दात बोटानं हलवून दाखवला. तो दार हलावं तसा हलला. म्हणाले, "बाई, गाजर चावलं की जीव जातो. बिस्किट दुधात विरघळतं. भूक तर लागतेच ना."

मी खाली आले आणि कोबीच्या ढिगासमोर नुसती उभी राहिले.

आमच्याकडे गाजर ताटात शेवटपर्यंत पडून असायचं. चणे ऑफिसातल्या कुंडीत सापडले होते, शिपायानं मला सांगितलं, कारण मी त्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मला वाटायचं, गोडाला पोटात जागा ठेवतात. पाव पाण्यात बुडवून खायचे. मी म्हणायचे, म्हाताऱ्यासारखे काय खाता.

तोंडावर हात का धरतात ते तुम्ही विचारलं होतंत आणि मी उत्तर दिलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नसेल. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या साहेबांचा निरोप समारंभ होता. जोडीनं बोलावलं होतं. टेबलावर केक होता. मी दोन मिनिटं कुणाशी तरी बोलत होते आणि वळून बघते तर ह्यांच्या हातात रिकामी बशी. म्हणाले, शेजारच्यांनी धरायला दिली. मी पुढे झाले आणि चाळीस माणसांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास येत होताच. मी मोठ्यांदा म्हणाले, "येतोय वास. काहीतरी खाल्लंय." काही लोक हसले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हात तोंडावर नेला. तो हात माझ्यापुरता अजून खाली आलेला नाही.

तो वास कशाचा होता हे तुम्हाला सात वर्षांपूर्वीच माहीत होतं. मी हे लिहिलं म्हणजे तुमचं बरोबर होतं असं मी कबूल केलं, असा अर्थ काढू नका.

तुमची भावजय


२ एप्रिल

वन्सं,

लेकीकडे सुखरूप पोचला असाल, बाळ-बाळंतीण बरी असतील. हे पत्र तुम्ही परत आल्यावरच वाचाल, तरी लिहून ठेवते, म्हणजे नंतर बोल नको.

तुमचे बंधू रजेवर दहा दिवस येऊन परवा परत गेले. घरात पाहुण्यासारखे वागले. रात्री बेसिनपाशी उभे राहून ते ब्रश चालवायचे आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे. खरंच दहा मिनिटं लागतात. मी आत गेले की थांबायचे.

तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतंत म्हणे, की तुझ्या बायकोला पत्रानं तपासणीची तारीख कळवते. तुमचं पत्र आलं नाही. टपालाचा अलीकडे काही भरवसा राहिलेला नाही. त्यांनी एकदा विचारलं, ताईचं काही आलं का. मी नाही म्हटलं. ते जरा सुटल्यासारखे दिसले, दातांच्या खुर्चीची भीती लहानपणापासूनची आहे हे तुम्हीच सांगता. त्यामुळे तो विषय तिथेच संपला आणि त्यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

डावीकडची शेवटची दाढ त्यांना काही दुखत नव्हती. निदान मला तसं बोलले नाहीत. इथे तुमच्या मैत्रिणीचा दवाखाना आहे, मी रोज हॉस्पिटलला जाते त्याच रस्त्यावर. पाटी मोठी आहे, लोकांची गर्दीही असते. पण ज्याचं दुखत नाही त्याला ओढत कुठे न्यायचं.

आणि मी मोजून घातलं नसतं तर आकडा अकरावर असता, हिरड्यांनी फक्त आपला वाटा उचलला, हे जे तुम्ही म्हणता, ते कुणाच्या समाधानासाठी? मला लहान मुलासारखी समजूत नको आहे. छोटू तुमचा तो आहे, मी नाही.

वाचून बघितलं. शेवटचे दोन परिच्छेद खोडायला हवेत. पत्रात खोडता येतं असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. पण बस चुकेल, तसंच टाकते.

तुमची भावजय


१६ एप्रिल

वन्सं,

तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे. तुम्ही दवाखान्यात गेला आहात, हे मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले आहेत. तुम्ही आलात की समोरासमोर बोलायचं आहेच, पण मला समोरासमोर फक्त भांडता येतं हे तुम्ही ओळखलं असेल. म्हणून आधी हे वाचा.

सात तारखेला फोन आला तेव्हा मी ताटं लावत होते. तुमच्या शेजाऱ्यांचा फोन. ह्यांचा डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलाय, ताप आहे, बोलता येत नाही, हॉस्पिटलात घातलंय. साखर साडेचारशे. मी एप्रनवरच बसस्टँडवर आले. बसमध्ये सात तास माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं, फक्त एक निळं कार्ड आणि त्यावर ह्यांचं नाव.

तुम्ही दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला सोडून आलात. दाढेखालचं गळू फोडलं, दाढ काढली. डॉक्टर म्हणाले, हे आठवडाभर आधी दाखवलं असतं तर दाढही वाचली असती आणि हे सगळं टळलं असतं. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. हे शुद्धीवर आले आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, ताई, तू तारीख कळवणार होतीस ना. तुम्ही त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत म्हणालात, "राहिलं रे छोटू. निघायच्या गडबडीत पत्र टाकायचंच राहून गेलं."

मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतंय. मला जे हायसं वाटलं त्याची आज शरम वाटते. आठवडाभर मी तुमच्या घरात ताठ मानेनं वावरले. मनात म्हणत होते, चला, चूक वन्संचीच ठरली. आणि आज सकाळी टेबल पुसताना तुमच्या चष्म्याखाली माझं दोन तारखेचं पत्र दिसलं. फोडलेलं, वाचलेलं. तुमच्या मैत्रिणीचा दवाखाना, डावी दाढ, अकराचा आकडा, यातलं एकही मला कुठून कळलं असणार? तुमच्या पत्रातूनच. म्हणजे तुमचं पत्र मला मिळालं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही भावाशी माझ्यासाठी खोटं बोललात.

तेव्हा आता लिहून टाकते. तुमचं पत्र वीस मार्चला आलं. सत्तावीसला पाच वाजता मैत्रिणीकडे वेळ ठरवली आहे, बाकी सगळ्या फटी भरून आल्या, पण डावीकडच्या शेवटच्या दाढेची अजून सात मिलिमीटर आहे, ती लांबणीवर टाकू नकोस, तो आपणहून जाणार नाही, त्याला तुझंच ऐकावं लागतं. असं तुम्ही लिहिलं होतंत. मी ते हॉस्पिटलच्या खणात निळ्या कार्डांच्या गठ्ठ्याखाली घातलं. सत्तावीस तारखेला पाच वाजता मी त्यांना बाजारात घेऊन गेले. पिशवी धरायला.

का केलं, तर मला तुमच्या हातून आणखी एक आकडा कमी झालेला नको होता. त्यांना काही व्हावं असं मनात नव्हतं. साखर फक्त पुन्हा नऊवर जावी आणि तुम्हाला कळावं, एवढंच होतं. दुसऱ्याच्या ताटात बघता बघता आपल्याच ताटावरच्या माणसाला कसं उपाशी ठेवतात, ते मी करून दाखवलं. तुम्ही पत्रात माझं कौतुकही केलं होतंत. तेही मी खणात घातलं.

तुमचं पत्र बसला निघताना मी खणातून काढून घेतलं होतं, का ते देव जाणे. ते ह्या पत्राखाली ठेवलं आहे.

आता गॅलरीत जाऊन त्यांना सांगते. तुम्हाला वाटेल पश्चात्ताप झाला. झाला आहे, पण खरं कारण सांगू का? तुम्ही माझा दोष स्वतःवर घेतलात हे मला सहन होत नाही. हिरड्या तुम्ही बऱ्या केल्यात, साखर तुम्ही उतरवलीत, हसवलंतही तुम्हीच. आता मोठेपणाही तुम्हालाच मिळाला तर माझ्याकडे राहिलं काय? निदान माझी चूक तरी माझी राहू दे.

भात नव्वद ग्रॅम काढून ठेवला आहे. गाजर किसलं आहे. तुमच्यासाठीही केलं आहे.

तुमची भावजय


२१ जून

वन्सं,

सप्रेम नमस्कार. शब्द खोडलेला नाही, उजेडात धरून बघा.

आधी कामाचं. नवा रिपोर्ट आला. आठ. तापाचा आणि त्या गळवाचा महिना त्यात धरूनसुद्धा आठ. यातलं तुमचं किती आणि माझं किती असा हिशोब मी रिपोर्ट हातात आल्या आल्या मांडायला घेतला होता, मग वही मिटली. आमच्या पॅथॉलॉजिस्टना मात्र या वेळी खरं सांगितलं, की माझ्या नणंदेचा हात आहे. निम्मा, असं म्हणाले मी. निम्म्याच्या पुढे माझी जीभ गेली नाही.

चौदा नंबरचे शिंपी घरी गेले. जायच्या आधी मी त्यांना तळमजल्यावर दातांच्या विभागात स्वतः नेऊन बसवलं. आता निळ्या कार्डावर मी एक नवी ओळ छापून घेतली आहे, चावायला त्रास होतो का, हिरड्यांतून रक्त येतं का. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ही कल्पना कुणाची. मी जरा वेळ गप्प बसले आणि तुमचं नाव सांगितलं. जरा वेळ, हे लक्षात घ्या.

तेवीस जुलैला त्यांना तुमच्याकडे तपासणीला घेऊन येते. त्या दिवशी तुमच्या मदतनीस बाईंना सुट्टी द्या. तुम्ही आकडे सांगा, तक्ता मी लिहीन. मग त्याच खुर्चीत मला बसवा. गेलं वर्षभर ब्रश केला की बेसिनमध्ये लाल दिसतंय. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.

आता ह्यांचं. गॅलरीत मी सगळं सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नव्हते, हे तुम्हाला माहीतच आहे. बदली संपवून बारा तारखेला घरी आले. बॅग ठेवली, पाणी प्यायले, आणि बोलायची वेळ आली की हात तोंडावर. आठ दिवस घरात फक्त ताटाचा आवाज. मी गाजर किसून वाढत होते, चण्यांचं पीठ करून ताकात घालत होते, खिसे बघत नव्हते. वहीसुद्धा मी त्यांच्या बाजूला सरकवून ठेवली. लिहायची तर लिहा, नाहीतर नका लिहू.

काल दुपारी जेवण झालं. मी ताट उचलायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाले, बस. मी बसले. त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि टेबलावर ठेवला. दहा महिन्यांनी मी त्यांचा पूर्ण चेहरा बघत होते. डावीकडे दाढ नाही तिथे गाल जरा आत गेलाय.

"त्या दिवशी चाळीस जणांसमोर घेतलास," ते म्हणाले. "आता कुणी नाही. नीट घे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी रडायला लागले, तरी ते तसेच पुढे झुकून थांबले. मी जवळ गेले. वास टूथपेस्टचा होता, थोडा लवंगेचा, जेवणाचा. बाकी काही नव्हतं.

"काय खाल्लंय मी?"

अकरा वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारला होता, वन्सं, आणि अकरा वर्षं त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. ते मी काल त्यांना परत दिलं.

"मी वाढलं तेवढंच," मी म्हटलं.

तुमची भावजय